अडीचशे अंशांची बाई

पडदा वर जातो तेव्हा मंचावर कोणी नसतं. एक लांबट, चिंचोळी खोली. डाव्या भिंतीला दोन खोल सिंक, एक गरम पाण्याचं, एक गार. उजवीकडे माणसाच्या उंचीची भट्टी, तिच्या कपाळावर लाल आकडे जळताहेत: दोनशे पन्नास. मधल्या टेबलावर काचेचे फ्लास्क, बीकर, नळ्या, सगळ्यांच्या तोंडाला चांदीच्या कागदाची टोपी. दारावर निळ्या शाईतली पाटी: ‘आत येण्याआधी विचार करा.’ खाली, जरा बारीक अक्षरात: ‘विचार केल्यावरही येऊ नका.’

मग विंगेतून आवाज येतो. माणूस नंतर.

“कोण मेलं हे फ्लास्कात चहाचा चमचा बुडवून गेलं? घरी आईच्या डोळ्यात पण चमचा घालता काय रे?”

आणि मागोमाग ती येते. उंची बेताची, कपाळ मोठं, कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे, भुवया कायम अशा चढलेल्या की जन्मताच कोणीतरी पायावर पाय दिला असावा. ही काचमावशी. एका संशोधन संस्थेत बावीस वर्षं काच धुणारी बाई. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथंच ते राहिलं.

माझी तिची ओळख त्याच्या आधीची. आमच्या नाटक कंपनीत ती पोशाख सांभाळायची. कंपनीत सगळे एकमेकांवर जीव टाकायचे. ती कोणावरच टाकायची नाही. एकदा तिसरी घंटा झाली, राजा विंगेत उभा, आणि हिनं त्याचा झगा अंगावरून ओढून काढला. “राजा असाल तुम्ही घरचे. काखेत घाम दिसतोय. असा राजा मी पुढे सोडणार नाही.” राजा बनियनवर थरथरत उभा राहिला, हिनं झगा धुतला, इस्त्रीनं वाळवला, आणि पडदा अकरा मिनिटं उशिरा वर गेला. व्यवस्थापक ओरडले. ही त्यांच्या वरच्या पट्टीत ओरडली. मला ती ‘नटमोगरी’ म्हणायची, तेही चांगल्या दिवशी. वाईट दिवशी काय म्हणायची ते छापण्याजोगं नाही. तरी सांगते, तिनं घातलेल्या गाठी माझ्या अंगावर भर प्रयोगात कधी सुटल्या नाहीत, आणि आयुष्यात असं फार थोड्यांबद्दल म्हणता येतं.

कंपनी बसली. सगळे पांगलो. चाळिशीच्या उंबरठ्यावर ती त्या संस्थेत काच धुवायला लागली आणि मी दर रविवारी तिच्या घरी शिव्या खायला जाऊ लागले.

तिथं काय चालतं ते मला तिनंच समजावलं. रेशी नावाची एक अळंबी असते, लाकडावर उगवते, लाखेचा हात फिरवल्यासारखी तपकिरी चकाकते. ती उकळून, गाळून, तिच्यातून एक पांढरा कापसासारखा पदार्थ काढायचा. बीटा-ग्लुकान त्याचं नाव.

“साखरच ती,” मावशी म्हणाली. “पण गोड नाही. मण्यांची माळ असते तशी ओवलेली, मधेमधे फांद्या फुटलेल्या. आपल्या रक्तात पहारेकरी असतात ना, त्यांच्या अंगावर नेमकी हीच माळ अडकेल असा आकडा असतो. माळ अडकली की पहारेकऱ्याला वाटतं, घरात बुरशी शिरली. की लागला बोंबलायला.”

“म्हणजे औषध झालं!”

“औषध डबे विकणाऱ्यांच्या तोंडी. आमच्याकडे ती काठी आहे, काठी. पहारेकऱ्याला ढोसायची. ढोसला की कसा उठतो, कोणाला हाक मारतो, महिन्यानं परत ढोसला तर आधीपेक्षा जास्त चवताळतो का, हे बघतात. जगभरच्या लॅबवाल्यांना ही काठी लागते. आमच्याकडून चिमूटचिमूट बाटलीत जाते.”

“चवताळतो म्हणजे तुझ्यासारखाच की.”

“माझ्यासारखा असता तर झोपलाच नसता.”

पण काठी स्वच्छ हवी, हा सगळा मुद्दा. संस्थेचे जुने सर, आता ते नाहीत, त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: वाफेच्या कुकरात जंतू मरतो, पण त्याचं टरफल मरत नाही. ते भांड्याला चिकटून बसतं. पहारेकऱ्याला त्या टरफलाचा वास जरी आला तरी तो आकाशपाताळ एक करतो. मग तुम्ही टाळ्या पिटता की अळंबीनं काम केलं, आणि काम केलेलं असतं घाणीनं. टरफल जाळायला कोरडी भट्टी लागते, अडीचशे अंश, निदान अर्धा तास. मावशी दोन तास द्यायची.

“मेल्यावरही छळतो बघ,” ती म्हणायची. “अगदी माझ्या सासूसारखा.”

आता दुसरं पात्र. मॅडम. पस्तिशीची, हुशार, उंच, सहा वर्षं त्या एकाच अळंबीच्या मागे लागलेली. मावशी तिला पाठीमागे ‘अळंबीबाई’ आणि तोंडावर ‘मॅडम’ म्हणायची, आणि दोन्हींतला ‘मॅडम’च जास्त लागायचा. दोघींचं पहिल्या दिवसापासून वाकडं. मॅडमनं तेव्हाच विचारलं होतं, “हे नीट धुतलंय ना?” त्या दिवसापासून मावशी तिचे ट्रे तिच्या टेबलावर ठेवत नसे, आपटत असे. आपटूनही एक नळी कधी फुटली नाही, हेही खरं.

मॅडमच्या काठीनं पहारेकरी असे उठायचे की सगळ्या संस्थेची मान उंच झाली होती. आणि एक दिवस परक्या शहरातल्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. फार सभ्य पत्र. तुमचा पदार्थ आम्ही वापरला. त्यात जंतूंच्या टरफलांना बांधून ठेवणारं औषध घातलं, आणि तीनचतुर्थांश परिणाम नाहीसा झाला. कृपया आपली भांडी तपासावीत.

भांडी हा शब्द वाचला आणि सगळ्यांची डोकी एकदम त्या चिंचोळ्या खोलीकडे वळली. नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण झाडणारी आयती हाताशी.

संस्थेच्या प्रमुखांनी, सगळे त्यांना सर म्हणत, सर्वांना मोठ्या खोलीत बोलावलं. मावशी हातमोजे न काढता गेली. सरांनी कागद वाचला: ‘काचसामान धुण्यातील त्रुटीमुळे नमुने दूषित झाले. संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली असून त्यांनी ती मान्य केली आहे.’ खाली सहीची जागा.

“मावशी, एक औपचारिकता आहे,” सर म्हणाले. “तुमच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेत. कोणी तुम्हाला काढत नाहीये. सही करा, विषय मिटेल.”

“कुठली त्रुटी?”

“ते... एकंदर.”

“एकंदर म्हणजे कुठलं भांडं? कुठला दिवस? तुमच्याकडे शिकलेल्या माणसांचा हा ढीग आहे, आणि कागदावर लिहिलंय एकंदर?”

मॅडम म्हणाली, “मावशी, माझी सहा वर्षं गेलीत यात. तुम्हाला कळतंय का?”

“तुमची सहा गेली, माझी बावीस घालवताय. कोणाचं गणित मोठं?”

“मग घाण आली कुठून? आकाशातून?”

“ते तुम्ही शोधायचं. तुमच्या नावापुढे डॉक्टर लिहितात. माझ्या नावापुढे कोणी काही लिहीत नाही, मागेच बोलतात.”

कोणीतरी हसलं. मावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायचा थांबला. सही न करता ती निघून गेली. सरांनी सोमवारपर्यंत मुदत दिली.

मधल्या रविवारी मी तिच्याकडे होते. दोन खोल्या, मुलगा, सून. मावशी सुनेनं घासलेलं पातेलं पुन्हा घासत होती.

“सासूबाई,” सून म्हणाली, “या घरात जेवायला बसलं की ऑपरेशनला झोपल्यासारखं वाटतं.”

“तुझ्या हातचं खाल्लं की त्याच्या नंतरचं वाटतं.”

मुलगा मध्ये पडला. “आई, कर ना सही. तुरुंगात घालणारेत का? एक कागद. कोण वाचतंय?”

“मी वाचलाय.”

“सगळं आयुष्य लोकांशी भांडलीस. आता शेवटी तरी—”

“शेवटी काय? म्हणू, हो बाबांनो, माझे हात घाण होते?” तिनं पातेलं पालथं घातलं. “तुझा बाप गेला तेव्हा याच हातांवर तू शिकलास. माझ्याकडे दागिना नाही, घर भाड्याचं, तोंड असं. लोक माझ्याबद्दल एकच गोष्ट चांगली बोलतात. तीही सही करून देऊ?”

मी काहीतरी गोड बोलायला गेले, तर माझ्यावरच घसरली: “तू बोलू नकोस नटमोगरे. तुझं दुःख प्रयोग संपला की पुसून निघायचं. हे निघत नाही.”

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. जिना उतरताना जाणवलं की ती कधी नव्हे ती घाबरली आहे.

सोमवारी मी तिथं नव्हते. जे पुढे सांगते ते मावशीनं मला सांगितलं, आणि नंतर मॅडमनंही, वेगळं भेटून. दोघींचे संवाद शब्दाला शब्द जुळले. जन्मभर संवाद पाठ केलेल्या बाईचं एवढं मत ग्राह्य धरा.

मावशी सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “त्या खेकड्याची परीक्षा करा.”

समुद्रात एक खेकड्यासारखा प्राणी असतो, त्याचं रक्त निळं. त्या रक्तापासून केलेलं द्रव टरफलाला लागलं की गोठतं. छोट्या नळीत घ्यायचं, तासभर कोमट ठेवायचं, मग नळी उलटी करायची. खाली ओघळलं तर स्वच्छ. गोळा वरच चिकटून राहिला तर घाण.

“त्यात अडचण आहे,” मॅडम लगेच म्हणाली. “माझा पदार्थ त्या परीक्षेला फसवतो. ग्लुकाननंसुद्धा ते द्रव गोठतं. म्हणून तर आम्ही ती कधी केली नाही.”

“पदार्थ कोण तपासा म्हणतंय? भांडी तपासा. भांडी धुतलेलं पाणी तपासा. पत्रात भांडीच लिहिलंय ना? माझ्या कपाटातून फ्लास्क तुम्ही निवडा. मी हात लावणार नाही.”

सरांनी स्वतः पाच फ्लास्क काढले. एक नळी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातल्या पाण्याची. एक गाळणीची. एक मुद्दाम घाण केलेली, एक मुद्दाम स्वच्छ, ताडून बघायला. मग मावशी मॅडमच्या टेबलाजवळ गेली.

“आणि इथला मॅग्नेट.”

तुम्हा वाचकांसाठी सांगते. फ्लास्कातलं पाणी ढवळायला एक बोटाच्या पेराएवढी पांढरी कांडी टाकतात. आत चुंबक. खाली यंत्र फिरलं की ती गरगर फिरते.

“बावीस वर्षं या मजल्यावरची प्रत्येक वस्तू माझ्या सिंकातून जाते,” मावशी म्हणाली. “सगळ्यांचे मॅग्नेट येतात. या टेबलाचा सहा वर्षांत एकदाही आला नाही. मी म्हटलं, चमच्यानं ढवळत असतील.”

मॅडमचा चेहरा उतरला. तिनं ॲप्रनच्या खिशातून एक छोटी डबी काढली, चष्म्याच्या काचा ठेवतात तशी. आत ओलसर कापूस, आणि त्यावर ती कांडी.

गोष्ट अशी होती. सहा वर्षांपूर्वी, तीनदा पदार्थ फसल्यावर चौथ्यांदा याच मॅग्नेटनं तो जमला होता. पहारेकरी पहिल्यांदा उठले होते. त्या दिवसापासून तिनं तो कोणाला दिला नाही. स्वतः नळाखाली विसळायची, स्वतः वाफेच्या कुकरात घालायची, डबीत ठेवायची. पायगुणाचा मॅग्नेट! मावशीच्या सिंकात गेला तर दहा जणांच्या मॅग्नेटांत मिसळेल, आपला कुठला ते कळणार नाही. ज्या बाईनं पहारेकऱ्यांच्या अंगावरचे आकडे मोजले, तिनं ही भाबडी गोष्ट सहा वर्षं खिशात वागवली. मला हसू आलं नाही. पहिल्या यशाच्या दिवशीची चोळी पुढे वर्षभर न धुता घालणारी नायिका मी पाहिली आहे. आरशात.

“मी कुकरात घालते तो,” मॅडम म्हणाली. “दरवेळी.”

“कुकरात जंतू मरतो. टरफल जळत नाही. हे मला जुन्या सरांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं,” मॅडम हळूच म्हणाली.

नळ्या कोमट पेटीत गेल्या. एक तास. त्या तासात कोणी बाहेर गेलं नाही. सरांनी घड्याळ बघितलं. कोणी विचारलं, “मावशी, बसता का?” ती म्हणाली, “बसले तर म्हणाल, पाय लटपटत होते.” मॅडम खिडकीकडे तोंड करून उभी. मावशी तिच्या पाठीकडे एकटक बघत, आणि तिचे ओठ हलत होते. शिव्या असतील असं मॅडमला वाटलं. मावशीनं मला नंतर सांगितलं, ती फ्लास्क मोजत होती. आपण त्या आठवड्यात भट्टीत नेमके किती तास ठेवले, एखाद्या दिवशी वीज गेली होती का, ते. म्हणजे तिलाही खात्री नव्हती. बावीस वर्षांत एकदाही स्वतःवर संशय न घेतलेली बाई त्या एका तासात भट्टीचा एकेक दिवस उलगडून बघत होती.

तास झाला. सरांनी पहिली नळी उलटी केली. ओघळली. दुसरी. ओघळली. तिसरी, चौथी. पाचव्या फ्लास्कची नळी उलटी केली आणि क्षणभर काहीच हललं नाही. मावशीनं हातमोज्याची मूठ आवळली. मग एक थेंब सुटला, आणि मागोमाग सगळं सरळ खाली.

मुद्दाम घाण केलेली: चिकटली. मुद्दाम स्वच्छ: ओघळली. पाणी: ओघळलं. गाळणी: ओघळली. मॅग्नेटची नळी उलटी केली. गोळा वरच. सरांनी झटका दिला. तसाच. दोनदा. तसाच. मॅग्नेटच्याच पाण्याची दुसरी नळी, पत्रातलं ते औषध घातलेली, मात्र ओघळली; म्हणजे गोळा ग्लुकानचा नव्हता, टरफलाचाच होता.

“ठीक आहे,” सर घसा साफ करत म्हणाले. “विषय मिटला.”

“मिटला कसा?” मावशी म्हणाली. “तो कागद सगळ्यांसमोर वाचला होतात. आता हा निकालही सगळ्यांसमोर वाचा. उभं राहून. एकंदर नको, नीट.”

“मावशी, ताणू नका.”

“मी ताणत नाही. तुम्ही सोडून पळताय.”

सरांनी उभं राहून वाचलं: काचसामान स्वच्छ आढळले. आवाज इतका लहान की मावशीनं त्यांना पुन्हा वाचायला लावलं. “मागच्या रांगेपर्यंत,” म्हणाली. हे मात्र ती आमच्याकडून शिकली होती.

मग वारं फिरलं, जसं प्रत्येक कंपनीत फिरतं. कालपर्यंत मावशीकडे बघून कुजबुजणारे आता मॅडमकडे बघून कुजबुजू लागले. “डबीत ठेवत होती म्हणे! हळदकुंकू पण वाहत असेल.” सरांनी नवा कागद केला: ‘संशोधिकेच्या निष्काळजीपणामुळे.’ साक्षीदार म्हणून मावशीची सही हवी होती. त्यांनी पेन पुढे केलं, जरा हसूनच, जणू बक्षीस देताहेत.

मावशीनं कागद पूर्ण वाचला. वाचून परत टेबलावर ठेवला.

“मी काचेची बाई. काचेबद्दल विचारा. माणसांची धुणी धुवायला मला ठेवलेलं नाही.”

“पण मावशी, तिनं तुमच्यावर—”

“तिचं माझं आम्ही बघू. तुमच्या कागदावर कशाला?”

मॅडमचे पुढचे दिवस सुखाचे गेले नाहीत. सगळ्यांना पत्रं लिहावी लागली, बाटल्या परत मागवाव्या लागल्या. सगळा पदार्थ नव्यानं, स्वच्छ मॅग्नेटनं केला. पहारेकरी उठले, पण पूर्वीच्या जेमतेम चौथ्या हिश्शानं. ओरडले नाहीत, कुजबुजले. तेवढंच छापून आलं. ते खरं होतं, आणि अजून लोक ती काठी मागवतात. मावशी आठ महिन्यांनी निवृत्त झाली, समारंभाला गेली नाही.

पण मी त्या सोमवारच्या संध्याकाळवरच थांबते, कारण मला मावशी अशीच दिसते. सगळे घरी गेलेले. भट्टीचे लाल आकडे चढताहेत. दारावरची पाटी वाचून, विचार करून, तरीही मॅडम आत आली. मुठीत ती डबी.

मावशीनं मागे वळून बघितलं नाही. “पाटी वाचता येत नाही?”

“मावशी, सही का नाही केलीत?”

“तुमच्यावर उपकार करायला नाही. गैरसमज नको.”

“मी तुमच्याबद्दल वाईट बोलले.”

“बोललात. मी पण बोलते. उद्याही बोलेन.”

मॅडमनं डबी उघडली आणि ती कांडी पुढे केली. तिला माफी मागायची होती की मॅग्नेट धुवून हवा होता, ते तिलाच कळत नव्हतं, असं तिनं मला सांगितलं. ती सिंकावर वाकली. मावशीनं पिवळ्या हातमोज्याचा तळवा तिच्यापुढे पसरला.

“आण इकडे. आणि लांब उभी राहा, तुझ्या डोळ्यांतलं पाणी पडेल त्यात.”